‘बरं अण्णा, बघूत’

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

लातूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं हे पत्र पाठवलं आहे. वय ५६. तीस वर्षांपासून सोयाबीन आणि तूर करतात. जमीन खोल काळी, विहिरीला बऱ्यापैकी पाणी. दोन वर्षांपासून गावातल्या आठ तरुण शेतकऱ्यांना ते मार्गदर्शन करतात. दर शनिवारी संध्याकाळी सगळे मारुतीच्या पारावर बसतात. ते लिहितात : “पोरं मान डोलावतात, ‘बरं अण्णा, बघूत’ म्हणतात आणि रानात जाऊन मनाचंच करतात. गेल्या खरिपात ‘पुरेसा पाऊस झाल्याशिवाय पेरू नका’ असं मी तीन वेळा बजावलं. तरी पुण्यातली कंपनी सोडून आलेल्या २६ वर्षांच्या एका पोरानं ४० मिलीमीटरवरच सोयाबीन पेरलं. उगवण गेली. दुबार पेरणी केली, बियाणं पुन्हा उधारीवर आणलं. मला हे सात आठवड्यांनी कळलं, तेही कृषी सेवा केंद्रात तिसऱ्याच माणसाकडून. दुसरा एक जण मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवून मलाच खोटं पाडतो. गटात एक विधवा सूनबाई आहे, ती तर तोंडच उघडत नाही. मी एक रुपया घेत नाही, तळमळीनं सांगतो. गट सोडून देऊ, की आता जरा कडक होऊ?”

राम राम अण्णा,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. पेरणीची वेळ, वाण, बीजप्रक्रिया, पहिली फवारणी, तुम्ही काय काय सांगितलंत ते सगळं त्यात ओळीनं आहे. तो पोरगा काय म्हणाला, याची मात्र एकही ओळ नाही. दुबार पेरणीचं कळून इतके दिवस झाले, तरी त्यानं पेरायचं कसं ठरवलं हे तुम्हाला आजही ठाऊक नाही. कडक व्हायचं की सोडून द्यायचं, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

तुमचा सल्ला चुकीचा नव्हता. ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस होऊन ओल खाली गेल्याशिवाय सोयाबीनसाठी चाड्यावर मूठ धरू नये, हे बरोबरच आहे. पण त्या पोराला हा नियम माहीत नाही, असं तुम्ही धरून चाललात आणि म्हणून तोच तीन वेळा सांगितलात. माहीत असलेली गोष्ट तिसऱ्यांदा कानावर आली की माणूस मान डोलावतो. दुसरं काय करणार?

आता जरा त्याच्या बांधावरून पाहा. ४० मिलीमीटर हा आकडा कुणी मोजला? पावसाची सरकारी नोंद महसूल मंडळाच्या केंद्रावर होते आणि एका मंडळात कितीतरी गावं येतात. ओढ्याच्या अलीकडं धो-धो आणि पलीकडं फुफाटा, हे आपल्या शिवारात नवीन नाही. समजा, मंडळाचा आकडा ८० आला, पोरानं तो मोबाइलवर पाहिला आणि तुमचाच नियम पाळून पेरलं, तर? मग तो तुमचं न ऐकणारा नव्हे, ऐकून फसलेला पोरगा आहे. त्याला लागणारा सल्लाही वेगळा. सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा रानात उघड्यावर ठेवायचा आणि पाऊस थांबला की पट्टीनं पाण्याची उंची मोजायची. जेवढे मिलीमीटर पाणी, तेवढा त्या रानातला पाऊस.

किंवा असंही असेल की गावात पेरणीयंत्रं दोन-तीन आणि पेरणारे शंभर. ट्रॅक्टरवाला म्हणाला, “आज पेरतोस का बोल, नाहीतर नंबर आठ दिवसांनी.” अशा पोराला ‘थांब’ म्हणून उपयोग नाही. गटातल्या चौघांनी मिळून एप्रिलमध्येच एक यंत्र बोलून ठेवणं, हा त्याच्या अडचणीवरचा उपाय. किंवा घरात वडील बसलेत : मृग लागला, सगळ्या शिवाराचं पेरून झालं, आपलंच रान उघडं का? तिथं पोराला समजावून काही होत नाही. वडिलांशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं तुमच्या वयाच्या माणसालाच शोभतं.

आणि उगवण पावसानंच गेली, हे तरी कुणी पाहिलं? बी घरचं असेल तर मळणी किती फेऱ्यांवर झाली? सोयाबीनच्या दाण्याचं टरफल नाजूक. बियाण्याची मळणी मिनिटाला ३०० ते ४०० फेऱ्यांवर व्हायला हवी. त्यापुढं यंत्र पळवलं की दाणा वरून धड दिसतो, आतून मोडतो. पोती आपटली, थप्पी उंच मारली, तरी तेच. यंत्रानं बी ३ ते ५ सेंटीमीटरपेक्षा खोल टाकलं आणि वरून जोराची सर आली, तर कोंब वरच येत नाही. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले असते तर आठवडाभरात कळलं असतं. ७० उगवले तर एकरी ३० किलो, ६० उगवले तर ३५ किलो, आणि त्याहून खाली गेले तर ते बी पेरणीचं नव्हे. हे सगळं तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण यातलं नेमकं काय त्या रानात घडलं, ते फक्त त्यालाच ठाऊक आहे. तो ते तुम्हाला सांगत नाही.

फुफाट्यात टाकलेलं बी जातं आणि चिखलात टाकलेलंही जातं. वापसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, यावा लागतो. समोरचा माणूस आपली अडचण बोलून मोकळा झाला की त्याच्या मनाला वापसा येतो. त्याआधी दिलेला सल्ला, कितीही खरा असो, वरच्या वर राहतो.

तुमच्या पत्रात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या दिसतात. त्या एकदा तपासून पाहू.

पहिली, ‘बरं’ म्हणजे होकार. आपल्याकडं वडीलधाऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणायची रीत नाही. ‘करूत’, ‘बघूत’, ‘बरं अण्णा’ हे मानाचे शब्द आहेत, होकाराचे नव्हेत. त्यातही ‘करूत’मध्ये थोडी तरी आशा असते, ‘बघूत’ म्हणजे विषय संपला. ‘जमेल ना?’ असं तुम्ही विचारलंत की त्याला ‘हो’ म्हणण्यावाचून वाटच उरत नाही. त्याऐवजी ‘यात अडेल कुठं?’ असं विचारा. या प्रश्नाला ‘बरं अण्णा’ हे उत्तर बसतच नाही; त्याला काहीतरी खरं सांगावं लागतं.

दुसरी, लपवलं म्हणजे किंमत नाही. मला उलटं वाटतं. ज्याला तुमचं काही वाटत नाही तो कशाला लपवील? तुम्ही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाल, या धाकानं तो सात आठवडे तुमची वाट चुकवत फिरला. या एका वाक्याची किंमत फार मोठी पडते. उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत तुम्हाला कळलं असतं तर नांगे, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरून भागतंय का, की मोडून दुसरं पीक घ्यावं, याचा विचार दोघांनी करता आला असता. आणि दुबारच करायचं तर बियाण्याची उगवण आधी तपासून घेता आली असती. ज्याच्याजवळ वाईट बातमी सांगायची भीती वाटते, त्याच्यापर्यंत बातमी नेहमी उशिराच पोचते. म्हणून कुणी काही बिघडल्याचं सांगितलं की पहिलं वाक्य एवढंच : “बरं झालं सांगितलंस. आत्ता रानात काय दिसतंय?”

तिसरी, माझा अनुभव म्हणजे त्याचं उत्तर. तुमच्या खोल काळ्या रानात बीएसएमआर ७३६ तूर छान येते. ती १७५ ते १८० दिवस घेते. तुमच्या रानात ओल टिकते आणि शेवटी एखादं पाणीही देता येतं. गटातल्या ज्याचं रान मुरमाड आहे आणि पाणी नाही, त्याची तीच तूर शेंगा भरायच्या वेळी तहानेनं जाईल. त्याला बीडीएन ७११ सारखी १५० ते १५५ दिवसांत मोकळी होणारी बरी. दोन्ही वाणं बदनापूरच्या संशोधन केंद्राचीच, दोन्ही चांगली. कुणाला कोणतं, हे रान विचारल्याशिवाय कसं सांगणार?

म्हणून सल्ला देण्याआधी पाच गोष्टी त्याच्या तोंडून ऐका : जमीन किती खोल आहे, पाणी कधीपर्यंत पुरतं, पैसा कुणाचा आहे आणि परत कधी द्यायचा, कामाला हात किती, आणि घरात शेवटचा शब्द कुणाचा चालतो. पहिल्या दोन गोष्टी पोरं लगेच सांगतात. तिसरी आणि पाचवी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीशिवाय येत नाही, आणि सल्ला बहुतेक वेळा अडतो तो तिथंच. उधारीवर बी-औषध देणारा दुकानदार जे डबडं हातात ठेवील तेच फवारावं लागतं. अशा माणसाला ‘अमुकच कीटकनाशक घे’ म्हणून काय फायदा?

आता पाराचं. पार हवामान, बाजारभाव, शिवारात आलेली कीड यांच्यासाठी उत्तम. पण वडिलांचे दोस्त शेजारी बसलेले असताना कुठला पोरगा ‘माझ्यावर उधारी आहे’ म्हणणार? शनिवारची बैठक चालू ठेवा, आणि तिच्याशिवाय प्रत्येकाला महिन्यातून एकदा त्याच्याच रानात भेटा. आठ जण, आठवड्याला दोघं, म्हणजे महिन्यात सगळे होतात. वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत, ४५ मिनिटं पुरे. पेरणीच्या आणि काढणीच्या धांदलीत नको. तेव्हा नुसतं ‘कसं चाललंय’ म्हणून बांधावरून पुढं जा. भेटीत समोरासमोर बसण्यापेक्षा बांधानं शेजारी शेजारी चाला. डोळ्याला डोळा भिडत नाही, मध्ये पीक दाखवता येतं आणि अवघड गोष्ट चालता चालता सुटते. मोबाइल खिशात, आवाज बंद. मध्येच फोन घेऊन तुम्ही दुसऱ्याला सल्ला द्यायला लागलात की भेट तिथंच संपली.

पहिली वीस मिनिटं तुमच्याकडून एकही सूचना जाऊ द्यायची नाही. तीस वर्षांच्या अनुभवाला हे फार जड जातं, कारण चालता चालता डोळ्याला दहा चुका दिसत असतात. त्या मनात ठेवा. याच वेळात सर्वांत जास्त घसरतं ते प्रश्नांच्या रूपातला सल्ला देताना. ‘माती परीक्षण करून घेतलं नाहीस का?’ हा प्रश्न नाही, रागावणं आहे. ‘काहून पेरलंस एवढ्या लवकर?’ हीसुद्धा फिर्यादच. उत्तरात सफाई येते, माहिती येत नाही. तेच ‘पेरायचं कसं ठरलं?’ असं विचारा. ‘काहून’ला माणूस बचाव करतो, ‘कसं ठरलं’ला गोष्ट सांगतो. मग त्या गोष्टीत ट्रॅक्टरवाला येतो, वडील येतात, मंडळाचा आकडा येतो. ‘आणखी काय झालं?’ हा प्रश्न एका भेटीत दोनदा तरी वापरा. पहिलं सांगितलेलं कारण बहुधा लोकांना सांगण्यासारखं असतं. खरं त्याच्या मागून येतं.

तो बोलायचा थांबला की लगेच तोंड उघडू नका. मनात सातपर्यंत मोजा. पाच-सहाला बहुतेक माणसं पुन्हा बोलायला लागतात, आणि तेव्हा येतं ते मोलाचं असतं. (तंबाखू मळणाऱ्या म्हाताऱ्यांना ही कला उपजत असते. तंबाखू सोडा, कला तेवढी उचला.) सातपर्यंतही काही आलं नाही, तर ऐकलेलं थोडक्यात त्याच्यापुढं ठेवा : “म्हणजे यंत्र मिळेना आणि घरून घाई, असं झालं म्हणायचं. बरोबर?” तो ‘तसं नाही अण्णा’ म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका, तो दुरुस्त करतो तेव्हाच तुम्हाला नेमकं कळतं. मात्र पोपटासारखं त्याचंच वाक्य परत म्हणू नका, आणि ‘म्हणजे तू घाबरलास’ असा अर्थही स्वतः लावू नका.

स्वतःची गोष्ट मध्ये आणणं, ही चांगल्या माणसांकडून होणारी चूक. पोरगा एक अडचण सांगतो आणि आपण ‘हे तर काहीच नाही’ म्हणून सुरू होतो. आपल्याकडं कुठल्याही रडगाण्याला बहात्तरचा दुष्काळ हे उत्तर ठरलेलं असतं. सांगणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. ऐकणाऱ्याला वाटतं आपलं दुःख लहान पडलं. तुमची गोष्ट खरंच उपयोगाची असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत, विचारून सांगा : “माझं एक मत आहे. सांगू का?” हे नाटक नव्हे. ‘सांगा’ म्हणणारा माणूस ऐकायला बसलेला असतो. आणि एका भेटीत एकच सूचना. पाच सूचना दिल्या की तो त्यांतली सर्वांत सोपी उचलतो, आणि ती सहसा सर्वांत कमी गरजेची असते. निघताना ‘मग काय करायचं ठरलं?’ हे त्याच्याकडून वदवून घ्या. काय, कधीपर्यंत, कुणाच्या मदतीनं. त्यानं सांगितलेलं तुमच्या सूचनेपेक्षा वेगळं निघालं, तर एक तर तुम्ही नीट सांगितलं नाही किंवा त्याला ते पटलं नाही. दोन्ही तिथंच कळलेलं बरं.

एक दोनशे पानी वही करा, प्रत्येकाला पंचवीस पानं. घरी आल्यावर, त्याच दिवशी, डाव्या पानावर तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहा आणि उजव्यावर तुम्ही काय म्हणालात ते. दोन महिन्यांनी वही उघडा. उजवं पान भरलेलं आणि डावं कोरं असेल, तर तुमचं पहिलं पत्रच तुम्ही पुन्हा लिहिलंय. त्याच्यासमोर मात्र लिहू नका. उधारीची गोष्ट निघाली आणि हातात पेन दिसलं की तो आवरतं घेतो. आणि पुढच्या भेटीची सुरुवात डाव्या पानावरून करा : “मागं म्हणाला होतास की चुलत्याबरोबर पाण्याच्या पाळीचं वाजलंय. त्याचं काय झालं?” हे विचारलंत, म्हणजे तुम्ही ऐकलं होतं हे त्याला कळतं. वेगळं सांगावं लागत नाही.

ऐकण्याचं हे काम आपल्या भागाला नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण निघालं, तेव्हा गावोगाव महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमलं होतं. सरकारी योजना घरोघरी पोचवायची आणि घरातल्यांचं म्हणणं अधिकाऱ्यांपर्यंत न्यायचं, असं दुहेरी काम. नावातही ‘मार्गदर्शक’ नाही, हे लक्षात घ्या. शेतीशाळा, म्हणजे रानातच भरणारा शेतकऱ्यांचा वर्ग, तुम्ही पाहिली असेल. सरकारच्या पोकरा (कृषी संजीवनी) प्रकल्पात २०१८पासून आपल्याकडं त्या बऱ्याच झाल्या. ही पद्धत १९८९मध्ये इंडोनेशियात भातावरच्या तुडतुड्यांपायी सुरू झाली. तिथला एक दंडक तुमच्या कामाचा आहे. शेतकऱ्यानं किडा आणून ‘हा कोणता?’ विचारलं की प्रशिक्षक नाव सांगत नाही. ‘कुठं सापडला, काय करत होता, पानावर किती होते?’ असं उलट विचारतो. मग शेतकरी मोठ्या कागदावर पीक, कीड आणि मित्रकीटक काढतात आणि फवारायचं की नाही ते स्वतः ठरवतात. वेळ जास्त लागतो, हे खरं. पण पुढच्या वेळी तो किडा घेऊन तुमच्याकडं येत नाही, आणि तेच हवं असतं.

मोबाइलवाल्याचं फार मनावर घेऊ नका. त्याला व्हिडिओ पूर्ण दाखवू द्या. मग विचारा : हा शेतकरी कुठल्या जिल्ह्यातला? पाणी किती? खर्च सांगितला का, की नुसतं उत्पन्न? शेवटी डबं कुणाचं विकतोय? पोरगं स्वतःच निम्मे व्हिडिओ बाद करील. उरलेल्यांतलं एखादं पाच गुंठ्यांवर करून पाहा म्हणा, शेजारच्या पाच गुंठ्यांत नेहमीसारखं, आणि दोन्हीकडचा माल वेगळा मोजायचा. तुमचं चुकलेलं निघालं तर शनिवारी पारावर तुम्हीच ते सांगा. त्यानं तुमचा मान कमी होत नाही. बाकीच्या सातांना ‘अण्णांसमोर चुकलं तर चालतं’ एवढं मात्र कळतं.

सूनबाईंच्या गप्प राहण्याकडं मात्र जास्त लक्ष द्या. पारावर गावच्या पुरुषांत विधवा बाईनं बोलावं, अशी अपेक्षाच अवघड. बैठकीत त्यांना प्रश्न विचारला की दीर किंवा शेजारचा कुणी उत्तर देतो, आणि आपणही ते ‘त्यांचं उत्तर’ म्हणून धरतो. त्यांच्या रानात खुरपण चाललेलं असताना, तुमच्या घरातल्या बाईमाणसाला बरोबर घेऊन जा. चहा वगैरे होऊ द्या. घरच्या बाईशी त्या आधी बोलतील. तुम्ही थोडं अंतरावर राहा आणि मध्ये पडू नका. पहिला प्रश्न पिकाचा नको. ‘या सालात सर्वांत जास्त खेटे कशासाठी घालावे लागले?’ असं विचारून पाहा. उत्तर खोडमाशी किंवा पिवळा मोझॅक हे नसण्याची शक्यता फार. सातबारा अजून सासऱ्याच्या किंवा गेलेल्या नवऱ्याच्या नावावर असतो. वारस नोंद झालेली नसते. म्हणून पीककर्ज नाही, अनुदान दुसऱ्याच्या खात्यात. तिथं मग तुमचा तुरीचा सल्ला बाजूला ठेवून मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडं त्यांच्याबरोबर एक चक्कर मारणं, हेच मार्गदर्शन. पण जायचं ते त्यांना विचारून. घरातल्या वादात त्यांना किती पुढं जायचंय हे त्यांनीच ठरवायचं.

आता, ऐकणं म्हणजे सगळीकडं गप्प बसणं नव्हे. कुणी लाल त्रिकोणाचं, म्हणजे अति विषारी, औषध तोंडाला काही न बांधता, वाऱ्याच्या विरुद्ध फवारत असेल, तर ‘तुला काय वाटतं?’ विचारत बसू नका. ‘थांब, आधी पंप खाली ठेव’ म्हणा. पावसात भिजलेल्या मोटारीच्या पेटीला हात घालणारा, तीन औषधं एका पंपात मिसळणारा, यांनाही तेच. जिवाशी गाठ असेल तिथं आधी सांगा, मागून ऐका.

आणि एका ठिकाणी सल्ला पूर्ण बंद ठेवा. बोलता बोलता कुणी ‘आता काही अर्थ नाही’, ‘मी नसलो तर घरचे सुटतील’ असं म्हणालं, तर ‘असं बोलू नये’ म्हणून विषय बदलू नका. सरळ विचारा : “जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही, उलट एकट्यानं वाहायचं ओझं कुणाला तरी दिसलं, असं त्याला वाटतं. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. घरातल्या एका भरवशाच्या माणसाला बोलावून घ्या, विषारी औषधांचे डबे त्याच्या हाताशी राहणार नाहीत असं बघा, आणि टेलिमानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर शेजारी बसून फोन लावून द्या. तो रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. लगेचचा धोका दिसला तर १०८. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द अशा वेळी देऊ नका. दुबार पेरणी आणि उधारी असलेल्या पोराबद्दल बोलतोय, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तुमच्या दोन पर्यायांपैकी ‘कडक’चा विचार सोडा. कडक झालात तर सात आठवड्यांऐवजी सात महिने कळणार नाही. गट चालू ठेवण्याबद्दल मात्र एक अट घाला, आणि ती स्वतःला : वर सांगितलेल्या भेटींना महिन्याला आठ सकाळी निघत नसतील, तर आठ जण ठेवू नका. चौघं ठेवा. बाकीच्यांना कृषी सहायक आहेत, किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर आहे. चौघांचं नीट ऐकणं आठांना सांगण्यापेक्षा जास्त कामाचं आहे.

राहिला तो २६ वर्षांचा पोरगा. त्याला बोलावणं पाठवू नका. तुम्हीच त्याच्या रानात जा, सकाळी, एकटे. दुबारचं मला कळलंय, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाका, नाहीतर तो पूर्ण वेळ तुम्हाला ते कळलंय की नाही याचाच अंदाज घेत राहील. साधारण असं म्हणता येईल : “दुकानात कळलं मला. मी तीनदा ‘पेरू नको’ म्हणालो, पण तुझी अडचण काय आहे हे एकदाही विचारलं नाही. ते माझं राहिलं. आता सांग, त्या दिवशी कसं ठरलं?” मग सातपर्यंत मोजा. पहिल्या दिवशी तो ‘काही नाही अण्णा, झालं ते झालं’ म्हणेल, असं धरून चला. म्हणू द्या. रान दाखव म्हणा, पावसाचा डबा कुठं ठेवता येईल ते दोघं मिळून बघा, चहा घ्या आणि या. खरं काय झालं ते तिसऱ्या-चौथ्या चक्करला, बांधावरून परत फिरताना निघेल.